खोलीचा दोष

स्पीकर वाईट नसतो, खोली वाईट असते. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना आणि इतक्या वेळा ऐकवलं, की नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला जिन्यात बघून परत घरात शिरणारे दोघे-तिघे तरी होते. कुणी नवीन म्युझिक सिस्टीम घेतली आणि 'आवाज काही खास नाही हो' म्हणाला की माझं डोकं सटकायचं. अरे बाबा, तू तो स्पीकर कोपऱ्यात कोंबलास, समोर काचेचं शोकेस ठेवलंस, खाली गुळगुळीत लादी, आणि दोष कंपनीचा? मी लोकांच्या घरात शिरून सोफे सरकवले आहेत. घरच्या बायकांनी तोंडं वाकडी केली तरी सरकवले आहेत.

तळोज्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, सुट्टी गुरुवारी. ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. तेव्हा लोक मोबाईलला वायर लावून गाणी ऐकायला लागले होते आणि मी मात्र प्लायवूड कापून, पॉलिश मारून, स्वतःच्या हाताने स्पीकरची जोडी बांधली होती. माझ्यासारखाच एक वेडा खारघरला राहायचा, आमच्याच कारखान्यातला. आमचा दोघांचा एक उद्योग होता. एकच जोडी वेगवेगळ्या घरी न्यायची, तीच सीडी लावायची, तेच तीन तुकडे ऐकायचे. आधी तंबोऱ्यावर एका बाईंचा आलाप, मग तबला, मग गावाकडच्या लग्नातला बँड. आणि मग भांडायचं. घर बदललं की तोच तबला कुठे भरून यायचा, कुठे पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा लागायचा. एकाने दुसऱ्याला नव्या घरचा अनुभव सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कशावर ठेवले होतेस? स्टँडवर, टेबलावर, की जमिनीवर? ते कळल्याशिवाय आम्ही पुढचं काही मान्यच करायचो नाही. टेबलावर ठेवले तर टेबलही थरथरतं, त्याचाही आवाज मिसळतो. म्हणून स्पीकरखाली रबराचे तुकडे घाला, असं मी अर्ध्या पनवेलला शिकवलं होतं.

आम्हाला मुलगी झाली. माझी बायको जवळच्याच कोन गावची, एका शाळेत शिक्षिका. बाळंतपण माहेरी झालं, सव्वा महिन्याने ती बाळाला घेऊन घरी आली. पुढचे दोन महिने मी स्पीकरला हातसुद्धा लावला नाही, इतका मी त्या पोरीत गुंतलो होतो. मग एका गुरुवारी दुपारी म्हटलं, जरा वायरी नीट करू. हॉलमध्ये खाली बसलो होतो. दोन पावलांवर गादीवर पोरगी झोपली होती. आणि स्वयंपाकघरात बायकोच्या ओल्या हातातून मोठी परात सुटली.

आमची लादी, आमच्या कोऱ्या भिंती. तो दणका अख्ख्या मजल्याने ऐकला असणार. माझ्या हातातला पेचकस उडाला. परात गोल फिरत फिरत बराच वेळ वाजत राहिली. बायको 'अगंबाई, उठली असेल' म्हणत धावत बाहेर आली आणि दारात थांबली. पोरगी झोपली होती. पापणीसुद्धा हलली नव्हती. बायकोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, ही दचकली नाही."

"गाढ झोपलीय."

"लहान बाळं गाढ झोपेतही दचकतात."

माझ्या छातीत धस्स झालं होतं. खरं सांगतो, त्याच क्षणी झालं होतं, परात फिरायची थांबायच्या आत. पण माझ्या भीतीचा स्वभाव असा की ती आधी रागाचे कपडे घालून बाहेर येते. मी बायकोवर खेकसलो. म्हटलं, तुला आवाजातलं काही कळतं का? आपल्या हॉलमध्ये आवाज चारी भिंतींवर आपटून एकदम सगळीकडून येतो. त्या एवढ्याशा जिवाला तो एक सलग गोंगाट वाटतो. दिवसभर तेच ऐकून तिला सवय झालीय. दोष खोलीचा आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि गंमत बघा, बोलता बोलता ते मला स्वतःलाच पटत गेलं. बायको ओले हात पदराला पुसत उभी होती. "हो का," म्हणाली आणि परात उचलायला आत गेली.

 त्या दिवसापासून मी चोरून परीक्षा घ्यायला लागलो. बायको आंघोळीला गेली की पोरीच्या मागे जाऊन टाळी वाजवायची. खुळखुळा हलवायचा. चमचा-वाटी वाजवायची. कधी ती मान वळवायची, कधी नाही. वळवली की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि नाही वळवली की मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. वळवलेली तेवढी मी मोजायचो. माझी सावली तिच्या अंगावर पडत होती, टाळीचा वारा तिच्या केसांना लागत होता, हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी तिकडे बघत नव्हतो.

ती चार महिन्यांची झाली आणि बायकोची रजा संपली. मग असं ठरलं की दिवसभर बाळ कोनला सासूबाईंकडे राहील आणि शाळा सुटली की बायको तिला घेऊन येईल. त्यानंतरचा पहिलाच गुरुवार आला तसे मी स्पीकर व्हॅनमध्ये टाकले आणि कोनला गेलो. सासूबाईंना सांगितलं, तुमच्या घरात आवाज कसा येतो ते बघायचंय. त्या म्हणाल्या, "तुमी बघा काय बघायचं ते. पोर रडवू नका म्हंजे झालं."

ते घर मागच्या बाजूने नवं, स्लॅबचं झालं होतं, पण पुढची खोली जुनीच होती. जाड भिंती, वर कौलं, आणि मधोमध सागवानी पलंग. चार माणसं लावल्याशिवाय हलायचा नाही असा. जमिनीवर सासूबाईंनी तांदूळ निवडायला पसरले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी स्पीकर पलंगाच्या एका टोकाला ठेवले. दुसऱ्या टोकाला पोरगी उताणी पडून स्वतःच्या मुठी बघत होती.

आलाप लावला. काही नाही. तिने मुठी बघणं सोडलं नाही.  आवाज वाढवला, तरी काही नाही. सासूबाई सुपातून मान वर करून बघत होत्या म्हणून मी हसल्यासारखं केलं. मग तबला लावला. डग्ग्यावरची पहिली घुमारदार थाप पडली आणि पोरीच्या मुठी हवेत थांबल्या. डोळे मोठे झाले. दुसरी थाप पडली तसे तिने पाय झाडले. आणि मग ती हसली हो. बोळकं उघडून हसली. थाप पडली की हसायची, थांबली की वाट बघायची, पुन्हा पडली की पुन्हा हसायची.

"नाचते बघा बाय माजी," सासूबाई म्हणाल्या.

मला काय झालं सांगता येत नाही. मी त्या तांदळातून वाट काढत पलंगाभोवती नाचायला लागलो. पस्तिशीचा जावई, सासूसमोर, भर दुपारी. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी सीडी मागे नेऊन पुन्हा पुन्हा तबला लावला. साडेचारला बायको शाळेतून आली, अजून चपला पायात होत्या, तिला मी हाताला धरून आत ओढलं. बघ, बघ, आता बघ. थाप पडली, पोरगी हसली. बायको पलंगाच्या कडेला बसली. तिने तोंडावर हात धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सांगितलं होतं ना तुला," मी म्हटलं. "खोलीचा दोष."

ती "हो" म्हणाली. पर्स तिने मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

त्यानंतरचे चार महिने मी कसे काढले ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते. घरी हॉलमध्ये पोरगी कुठल्याच आवाजाकडे बघत नव्हती, म्हणून मी हॉलला वठणीवर आणायला निघालो. भिंतींवर गोधड्या टांगल्या. शोकेस गॅलरीत काढलं. अंड्यांचे कागदी ट्रे आणून कोपऱ्यात चिकटवले, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, पोल्ट्री काढताय का? मी स्पीकर स्टँडवर नीट उभे करायचो, खाली रबर, पोरीला गादीवर बसवायचो आणि तबला लावायचो. ती माझ्या शर्टाचं बटण ओढायची. स्पीकर दोन इंच मागे. पुन्हा तबला. पुन्हा बटण. आमच्या खालच्या मजल्यावरचं पोर, हिच्याहून पंधरा दिवसांनी लहान, बा-बा-बा करायला लागलं होतं. हिचं मात्र जे थोडंफार गुरगुरणं होतं तेही कमी होत चाललं होतं. सासूबाई म्हणायच्या, "आमच्यात समदी उशिराच बोलतात. हिची आय दोन वर्सांची होईपर्यंत मुकीच होती." मी ते वाक्य मंत्रासारखं धरून ठेवलं होतं.

आणि एक कबूल करतो. मी टाळी वाजवायची बंद केली होती. ज्याला खात्री असते तो रोज टाळी वाजवतो. मला तिच्याशी एकट्याने खोलीत बसायची भीती वाटायला लागली होती. माझीच पोरगी, आठ महिन्यांची, मला बघितलं की दोन्ही हात वर करणारी, आणि मी काहीतरी काम काढून जिना उतरायचो. बायको गप्प असायची. ती गप्प आहे याचीही मला भीती वाटायची, पण विचारायची छाती नव्हती.

शेवटी एका गुरुवारी ठरवलं, खारघरला जायचं. मित्राने त्याच्या फ्लॅटमधली एक अख्खी बेडरूम ऐकण्यासाठी ठेवली होती. जाड गालिचा, जाड पडदे, भिंतीला कापसाच्या पाट्या, स्पीकरला लोखंडी स्टँड. पनवेल तालुक्यात अशी दुसरी खोली नाही, असं मी स्वतःच तीन वर्षं सगळीकडे सांगत होतो. तिथे पोरगी वळली की प्रश्न मिटला. स्पीकर व्हॅनमध्ये टाकले, कोनहून बाळाला घेतलं. सासूबाई म्हणाल्या, पोर एकट्या बाप्याच्या हाती देनार नाय, आणि व्हॅनमध्ये मागे बसल्या. त्यांना मित्राचा अकरावा मजलाही बघायचा होता.

मित्राने सासूबाईंना हॉलच्या खिडकीशी बसवून चहा दिला. त्याची बायको कामावर गेली होती. आम्ही दोघं पोरीला घेऊन त्या खोलीत गेलो आणि दार लावलं. पोरगी माझ्या मांडीवर. मित्राने आलाप लावला. ती पडद्याकडे बघत होती. तबला लावला. ती माझ्या घड्याळाचा पट्टा चावत होती. मित्राने माझ्याकडे न बघता आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. माझ्या बरगड्यांत डग्गा घुमत होता. पोरगी तोंडातला पट्टा काढून माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा चावायला लागली.

मित्राने सीडी बंद केली. त्या खोलीत सगळं थांबलं की इतकं शांत व्हायचं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

"झोप आली असेल तिला," तो म्हणाला.

"आत्ताच उठलीय."

"मग भूक लागली असेल."

"तुझी खोली मेलीय," मी म्हटलं. "सगळा आवाज पिऊन टाकतात हे पडदे. काय उरतं ऐकायला?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "अरे, किती शिव्या घालशील खोल्यांना?"

"कोनला ये एकदा. बघ तिथे कशी नाचते ती. जुनी खोली आहे, कौलारू. तिथे तबला लावला की हसते, पाय झाडते. माझ्या सासूला विचार, बाहेर बसलीय."

आणि त्याने, नुसत्या सवयीने, आमचा ठरलेला प्रश्न विचारला. "कोनला कशावर ठेवले होतेस?"

"पलंगावर."

"आणि ही कुठे होती?"

  मला वाटलं मांडीवरची पोरगी आपल्या हातून पडेल, म्हणून मी तिला घट्ट धरलं. आलापाला हसली नव्हती. तबल्याला हसली होती. तेही डग्ग्याला. लाकडी पलंग, त्याच्या एका टोकाला थाप, दुसऱ्या टोकाला तिची पाठ. स्पीकरखाली रबर घाला, लाकूड थरथरतं, असं जगाला शिकवणारा मी, मला चार महिने हे कळलं नव्हतं? कळलं होतं. मी रबर घरी ठेवून कोनला गेलो होतो.

मित्र हळू आवाजात म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको करूस रे. तिला डॉक्टरकडे ने."

मी त्याला काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, "तुला पोरं नाहीत, तुला काय कळतंय?" त्या नवरा-बायकोचे डॉक्टरांचे उपाय वर्षानुवर्षं चालू होते, हे मला ठाऊक होतं.  त्याने माझा एक स्पीकर उचलला आणि लिफ्टपर्यंत आणून दिला.

कोनपर्यंत मी गाडी कशी चालवली देव जाणे. मागे सासूबाई पोरीशी बोलत होत्या. "आमी किती उंच गेलो व्हतो, नाय बाय? गाड्या कशा मुंग्यांसारख्या दिसत व्हत्या, नाय?" आरशात मला पोरगी दिसत होती. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि हसत होती. मला वाटत होतं, सासूबाईंनी गप्प बसावं. मला वाटत होतं, रस्ता संपू नये.

घरी पोचल्याबरोबर मी स्पीकर पलंगावर ठेवले. त्याच टोकाला. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. तबला लावला. पोरगी पंख्याकडे बघत राहिली.

"आता तिला पलंगावर ठेवा."

ठेवली. थाप पडली आणि ती हसली.

"उचला."

उचलली. तबला चालूच होता. हसू गेलं. "ठेवा." हसली. "उचला." गेलं. असं तीनदा झालं. मग मी सासूबाईंच्या गोधड्या घड्या घालून स्पीकरखाली सारल्या, दोन-दोन. आवाज तेवढाच ठेवला. पोरीला पलंगावर निजवलं. तबला वाजत होता, बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जात होता, आणि ती आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"काय चाललंय तुमचं?" सासूबाई चिडल्या. "पोर हाय ती, खेळणं नाय."

"आई, तिला ऐकू येत नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा तोंडातून काढलं. "ती पलंगाच्या थरथरीला हसते. तबल्याला नाही."

"नाय, नाय. तुमच्या त्या पेट्यांचा मला भरवसा नाय." त्यांनी मला बाजूला केलं, पोरीच्या डोक्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हाक मारली. "बाय." मग मोठ्याने, "ए बाय." तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. पोरगी अंगठा तोंडात गेल्याच्या आनंदात होती. सासूबाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी तिला उचलून पोटाशी धरलं. मी सीडी बंद करायलाही विसरलो होतो. तबल्यानंतरचा लग्नाचा बँड सुरू झाला, तेव्हा कुठे उठलो.

बायको साडेचारला आली. मी सगळं सांगितलं, खारघर, पलंग, गोधड्या. मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. तिने पोरीला घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कधी जायचं?"

मुंबईच्या एका हॉस्पिटलात ऐकण्याच्या तपासणीची वेळ पंधरा दिवसांनंतरची मिळाली. त्या पंधरा दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा जन्मात घाबरलेलो नाही. आधीची भीती लपवता येत होती, तिला खोली होती, पडदे होते. आता काहीच उरलं नव्हतं. कारखान्यात मशीन चालू असताना मी उगाच एक कान दाबून धरायचो, मग दुसरा. मग दोन्ही. तरी आवाज येतच राहायचा आणि मला त्याचा राग यायचा.

तपासणीची खोली म्हणजे खोलीच्या आत आणखी एक खोली होती. हातभर जाडीचं दार, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, आत कापूस. दार लागलं तसा बाहेरचा रस्ता, पंखे, माणसं, सगळं नाहीसं झालं. डावी-उजवीकडे, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, दोन स्पीकर. शेजारी काचेच्या पेटीत एकेक खेळण्यातलं माकड. आवाजाकडे बाळ वळलं की पेटीत दिवा लागणार आणि माकड झांजा वाजवणार. सवय वाईट, मी तिथेही भिंतींकडे बघितलं, स्पीकरचं अंतर बघितलं, खाली काय घातलंय ते बघितलं. रबर होतं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. इतकी चांगली खोली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे होत्या. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "तुम्ही दोघांनी चेहरा स्थिर ठेवायचा. मुलं आपल्या चेहऱ्यावरून ओळखतात." बायको पोरीला मांडीवर घेऊन मधल्या खुर्चीवर बसली, मी मागे स्टुलावर. डावीकडून बारीक शीळ आली. थांबली. मोठी होऊन आली. थांबली. मग उजवीकडून. मग जाड आवाज, मग पुन्हा बारीक. प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा मोठा. मी देवाला म्हणत होतो, हा स्पीकर बंद पडलेला असू दे, वायर तुटलेली असू दे, बाईंनी चुकीचं बटण दाबलेलं असू दे. पण मला ऐकू येत होतं. शेवटी इतका मोठा आवाज झाला की बायकोचे खांदे उडाले आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पोरगी आईच्या ओढणीची गाठ सोडवत होती. दोन्ही माकडं अंधारात बसली होती.

बाहेरच्या टेबलाशी बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. दोन्ही कान. झोपवून आणखी एक तपासणी करायची आहे, पण त्यात फार फरक निघेलसं वाटत नाही. मशीन लावता येतील, पुढे ऑपरेशनचाही विचार करता येईल, शिकवावं लागेल, सगळं होईल. त्या चांगल्या होत्या. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "पहिल्यांदा शंका कधी आली?"

मी 'नुकतीच' म्हणणार होतो. जीभ टाळूपर्यंत गेलीही होती.

बायकोने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आमच्या पनवेलच्या लहान मुलांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. ऐकण्याची तपासणी तातडीने करून घ्यावी, असं लिहिलेलं. मी ती कधीही पाहिली नव्हती.

"डोस द्यायला नेलं होतं तेव्हा मीच त्यांना विचारलं," ती मला म्हणाली, बाईंना नाही. "त्या रात्री तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचंच ठरवून शाळेतून कोनला आले. तर तुम्ही पलंगाभोवती नाचत होतात. मला वाटलं, यांना आवाजातलं कळतं. यांचंच खरं असू दे."

बाईंनी चिठ्ठीवरची तारीख वाचली. "म्हणजे जवळजवळ पाच महिने," त्या म्हणाल्या. "या वयात पाच महिने फार असतात हो. थांबलात कशासाठी?"

बायकोने पोरीचं झबलं सारखं केलं. "माझी शाळा सुरू झाली होती," ती म्हणाली. "रजा मिळत नव्हती."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. इतक्या महिन्यांत मी तिच्यावर किती खेकसलो होतो, आणि ती परक्या बाईसमोर माझा दोष स्वतःच्या अंगावर घेत होती, अगदी सहज. तेव्हा मला जी भीती वाटली ती काही वेगळीच होती. वाटलं, आत्ता मी गप्प बसलो तर ही आयुष्यभर असंच म्हणत राहील, आणि लेक मोठी झाल्यावर तिलाही हेच सांगेल.

"रजेचं नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे थांबलो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नसावा, कारण त्यांनी काही लिहिलं नाही. पुढच्या रकान्यावर पेन टेकवून, घरात आणखी कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं का, असं त्यांनी विचारलं.